हिमालयातली ट्राउट: गळ टाकण्याआधीचे आणि नंतरचे प्रश्न

मी हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यात गळ टाकायला जातो, बहुतेक वेळा मार्च-एप्रिलमध्ये, नाहीतर कुल्लूच्या दसऱ्याच्या आसपास. परत आलो की मित्रांचे, मित्रांच्या मित्रांचे तेच ते प्रश्न सुरू होतात. दर वेळी नव्याने टाइप करण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलेलं बरं. उत्तरं मुख्यतः कुल्लूकडची आहेत. काश्मीरमध्ये किंवा दुसरीकडे वेगळं असेल तिथे तसं सांगितलं आहे.

१. ट्राउट म्हणजे नक्की कोणता मासा? मराठीत काय म्हणतात?

मराठीत नाव नाही, कारण आपल्या पाण्यात हा मासाच नाही. सामन माशाच्या कुळातला, थंड, वाहत्या, स्वच्छ पाण्यातला हा शिकारी मासा. हिमालयात त्याच्या दोन जाती भेटतात. ब्राउन ट्राउट पिवळसर तपकिरी असते आणि अंगावर काळे-लाल ठिपके, त्यांच्याभोवती फिकट कडी. रेनबोच्या कुशीवर गुलाबी पट्टा असतो आणि काळे ठिपके थेट शेपटीपर्यंत जातात. ओळखायची सोपी खूण म्हणजे पाठीवरचा मोठा पर आणि शेपटी यांच्या मधोमध असलेला छोटा मांसल पर. तो दिसला आणि तोंडाला मिशा नसल्या, तर ट्राउट समजा. ही खूण लक्षात ठेवा, प्रश्न १४ मध्ये लागेल.

२. हिमालयातला आहे म्हणजे आपलाच मासा ना?

नाही. साहेबाने आणलेला. इंग्लंड-स्कॉटलंडच्या नद्यांची सवय लागलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना काश्मीरचं पाणी बघून घरची आठवण झाली आणि ब्राउन ट्राउटची अंडी बोटीने मागवली गेली. १८९९ ची पहिली खेप वाटेतच मेली, १९०० ची जगली. काश्मीरमध्ये हा सगळा खटाटोप तडीस नेणारे गृहस्थ म्हणजे एफ. जे. मिशेल, त्यांचा गालिच्यांचा कारखाना होता. हारवनला पिल्लं वाढवली गेली, तिथून ती ओढ्याओढ्यात सोडली गेली. १९०९ च्या सुमारास काश्मीरची अंडी कुल्लूत पोचली. नीलगिरी आणि मुन्नारकडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच हौसेपोटी ट्राउट गेली. तिथे ब्राउन रुळली नाही, रेनबो रुळली.

म्हणजे सव्वाशे वर्षांचा हा पाहुणा. पाहुणा म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच, तो १३ व्या क्रमांकावर आहे.

३. महाबळेश्वर, भंडारदरा, निदान तोरणमाळला तरी मिळेल का?

नाही. ट्राउटला पाणी साधारण ५ ते १८ अंशांच्या दरम्यान हवं. २० च्या वर गेलं की ती खाणं सोडते, धापा टाकू लागते. थंड पाण्यात विरघळलेला प्राणवायू जास्त असतो आणि या माशाला तो भरपूर लागतो. सह्याद्रीचा कुठलाही ओढा वैशाखात या परीक्षेत नापास होतो, वाहता राहिला तरी. आपल्याकडे गळाचा मानाचा मासा महाशीर. लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावाकाठी त्याची पैदास १९७० च्या दशकापासून चालू आहे.

४. जायचं कधी?

हिमाचलात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटच्या पाण्यात मासेमारी बंद असते, तो विणीचा काळ. काश्मीरचा हंगाम साधारण एप्रिल ते सप्टेंबर. पण हंगाम उघडा आहे म्हणजे पाणी चांगलं आहे असं नाही. मेच्या अखेरीपासून बर्फ वितळून पाणी चढतं. हिमनदीतून निघालेल्या नाल्यांना दुपारनंतर दुधी रंग येतो, मग माशाला आमिष दिसत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये गढूळ पूर. उरले मार्च-एप्रिल आणि मध्य सप्टेंबर ते ऑक्टोबर. शाळेच्या मे महिन्याच्या सुट्टीत जायचं असेल तर पहिल्या पंधरवड्यात आणि सकाळी लवकर.

मार्चमध्ये एक पथ्य. थंडीत घातलेली अंडी आणि नुकती फुटलेली पिल्लं तेव्हा वाळू-गोट्यांच्या खाली असतात. ५ अंशांच्या पाण्यात अंडी फुटायलाच तीनेक महिने लागतात. उथळ धारेत स्वच्छ धुतल्यासारखा, भोवतालपेक्षा फिकट गोट्यांचा गोल दिसला तर त्यावर पाय देऊ नका. खरं तर त्या दिवसांत काठावरूनच गळ टाका.

५. परवाना लागतोच का? होमस्टेवाला म्हणाला, "कोई नहीं पूछता."

लागतोच. राज्याच्या मत्स्य विभागाकडून मिळतो, दिवसाचा आणि एका गळकाठीचा. कुल्लूकडे पतलीकूहल, बंजारजवळचं नागिणी, मंडीकडे बरोट अशा सरकारी ट्राउट फार्मांवर चौकशी करा. ओळखपत्र न्या. होमस्टेवाले काढून देतात हे खरं, पण कागद हातात घेऊन स्वतःचं नाव, तारीख आणि नदीचा कोणता पट्टा लिहिलाय ते वाचा. एकदा माझ्या हातात आदल्या दिवशीच्या पाहुण्याचा परवाना ठेवण्यात आला होता आणि मी तो तसाच खिशात घातला. संध्याकाळी राखणदाराने तारखेवर बोट ठेवलं तेव्हा माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

दिवसाला सहा माशांची मर्यादा चालत आली आहे. किमान लांबी, दर आणि कोणतं आमिष चालेल हे परवान्यावर असतं आणि बदलतं, म्हणून इथे लिहीत नाही. काश्मीरमध्ये नदीचे पट्टे पाडलेले असतात, त्यांना बीट म्हणतात. तुमचा बीट सोडून शेजारच्यात जायचं नाही. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत कुठेही गळ टाकता येत नाही. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या आत तीर्थन कितीही सुंदर दिसली तरी तिथे फक्त बघायचं.

६. पहिल्यांदा जाणाऱ्याने कुठे जावं?

तीर्थन. दिल्ली किंवा चंदीगडहून मनालीची बस पकडा आणि औटला, बोगद्याच्या आधीच उतरा. कंडक्टरला दोनदा सांगून ठेवा, कारण बोगदा ओलांडला की परत यायला रात्र होते. तिथून लारजी, बंजार, गुशैणी. नदी उद्यानातून येते, तिच्यावरचे प्रस्तावित वीजप्रकल्प स्थानिकांच्या विरोधामुळे रद्द झाले, त्यामुळे पाणी अजून मोकळं वाहतं. बरोटची उहल आणि किन्नौरमधली सांगल्याची बस्पा याही चांगल्या नद्या. उत्तरकाशीचा डोडीताल मात्र चढून जावा लागतो, ३,००० मीटरच्या वर.

७. सामान काय लागेल? कोकणातली गरी चालेल का?

बांबूची काठी, दोरी आणि गांडूळ घेऊन पकडणारी पोरं मी बंजारला पाहिली आहेत आणि ती माझ्यापेक्षा जास्त पकडतात. पण गांडूळ मासा खोल गिळतो, मग त्याला जिवंत सोडता येत नाही (प्रश्न १२). म्हणून कृत्रिम आमिष वापरा.

नवख्याने सहा-सात फुटी हलकी स्पिनिंगची काठी, चार ते सहा पौंडाची दोरी आणि दोन-तीन छोटे स्पिनर (पाण्यात ओढलं की पातं गरगर फिरणारं धातूचं आमिष) घ्यावेत. फ्लाय फिशिंग, म्हणजे पिसं-दोऱ्याची खोटी माशी वजनदार दोरीच्या झोक्याने फेकणं, हे शिकायला वेळ लागतो. त्यासाठी साडेआठ-नऊ फुटी, चार-पाच नंबरची काठी पुरते. आधी घराच्या गच्चीवर सराव करा, शेजारी हसतील.

स्पिनरला बहुधा तीन तोंडांचा गळ असतो. तो काढून एकेरी लावा आणि पक्कडीने त्याचा उलटा काटा दाबून सपाट करा. "मग मासा सुटेल की!" असं सगळे म्हणतात. दोरी ताणलेली ठेवलीत तर सहसा सुटत नाही. शिशाची वजनं नेऊ नका. विमानात गळ आणि पक्कड चेक-इन सामानात टाका.

८. दोन तास फेकतोय, काहीच नाही. ओढ्यात मासा असतो कुठे?

बहुतेक तुम्ही उभे आहात तिथेच होता. ओढ्यातला मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, कारण खाणं वरून वाहत येतं. तुम्ही वरून खाली चालत आलात तर सरळ त्याच्या डोळ्यांसमोरून येता. खालून वर जा, वाकून, सावली पाण्यावर पडू न देता.

मासा भर धारेत उभा राहत नाही, दमेल. आणि अगदी साचलेल्या पाण्यातही नाही, तिथे उपाशी राहील. वेगवान आणि संथ पाण्याची जिथे शिवण दिसते, तिथे तो असतो. मोठ्या धोंड्याच्या मागे, आणि पुष्कळदा पुढेही, जिथे पाणी आपटून किंचित थबकतं. डोहात जिथे धार उतरते तो वरचा तोंडाचा भाग, किंवा डोह उथळ होत संपतो ती शेपटी. खळाळात फेसाखाली उन्हाळ्यात, कारण तिथे हवा जास्त. काठावरच्या झाडाखाली, वरून किडे पडतात म्हणून.

गळ टाकण्याआधी एक दगड उचलून उलटा करून बघा. वाळूच्या कणांची नळी करून आत बसलेली कॅडिसची अळी, चपटी मेफ्लायची अळी, ही सगळी ट्राउटची भाजी-भाकरी. बघून झालं की दगड होता तसाच ठेवा. मला अजूनही या दगड उलटण्यात गळाइतकीच मजा येते आणि सोबत्यांचा त्यामुळे जीव जातो.

९. काश्मीर ग्रेट लेक्स ट्रेकला चाललोय. तळ्यात वेगळं तंत्र लागतं का?

पुण्या-मुंबईहून दर मोसमात येणारा हा प्रश्न. हो, वेगळं. ओढ्यात मासा उभा आणि खाणं फिरतं, तळ्यात खाणं पसरलेलं आणि मासा फिरतो. सकाळ-संध्याकाळ तो काठाकाठाने गस्त घालतो. घाईने पाण्याशी जाऊ नका, आधी दहा पावलं मागे बसून बघा. वर्तुळं उठताना दिसली की त्यांची दिशा ओळखा आणि पुढे टाका. नाला तळ्यात शिरतो ते तोंड, आणि उथळ हिरवं पाणी अचानक गर्द निळं होतं ती कड, या दोन जागा हमखास.

विषनसर, कृष्णसर, गडसर, गंगाबल या तळ्यांत ट्राउट आहे. विषनसर ३,७०० मीटरच्या आसपास. वर्षातले बरेच महिने बर्फाखाली, खाणं बेताचं, त्यामुळे मासा फार हळू वाढतो. विणीसाठी येणारे-जाणारे ओढेही थोडेच. ओढ्यातून दोन मासे घेतले तर वरून-खालून भर पडते, तळ्यात तशी सोय नाही. आणि ट्रेकच्या तंबूंचा हिशोब करा: रोज नवी तुकडी, प्रत्येकीला "ताजी ट्राउट" हवी. तिथे मी एकही मासा घेत नाही. परवाना खाली उतरण्याआधी नव्हे, वर चढण्याआधी काढायचा असतो. "वर सगळं चालतं" असं सांगणाऱ्या गाइडला परवाना दाखवायला सांगा.

१०. सोडायचाच असेल तर पकडता कशाला?

हा प्रश्न माझ्या मालवणच्या मावशीचा, आणि तिला आजवर समाधानकारक उत्तर देता आलेलं नाही. तिच्या मते मासा पकडायचा तो खाण्यासाठी, खेळासाठी जिवाला त्रास देणं हे पाप. तिचा मुद्दा खोडता येत नाही. गळाने माशाला ताण येतो, काही सोडलेले मासे नंतर मरतात. मी एवढंच म्हणतो की वीस जणांनी वीस-वीस मासे नेले तर छोटा ओढा एका हंगामात रिकामा होईल, आणि गळ टाकणारे परवान्याचे पैसे भरतात, होमस्टेत राहतात, पाणी गढूळ झालं की आरडाओरडा करतात. नदीला असे स्वार्थी मित्र उपयोगी पडतात. तरी मनाला पटत नसेल तर गळ टाकू नका, दुर्बीण न्या. तीर्थनच्या धोंड्यांवर पाण्यात बुड्या मारणारा डिपर पक्षी दिसतो, तो ट्राउटइतकाच प्रेक्षणीय आहे.

११. मासा सोडताना तो जगावा यासाठी नेमकं काय करायचं?

सगळं घाईवर आहे. मासा लागला की खेळवत बसू नका, जितका दमेल तितका जगणं कठीण. रबरी जाळीचं हातजाळं असेल तर उत्तम, दोऱ्याच्या गाठींनी अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतो आणि तोच थर त्याला रोगांपासून वाचवतो. त्याच कारणाने हात आधी पाण्यात ओले करा. कोरड्या हाताने किंवा मोज्याने धरू नका, वाळूवर, गवतावर टाकू नका. कल्ल्यांत बोट घालायचं नाही. मासा पाण्यातच राहू द्या आणि गळ चिमट्याने उलट्या दिशेने सरकवून काढा. काटा सपाट केलेला असेल तर दोन सेकंदांचं काम.

फोटो हवाच असेल तर सोबत्याचा कॅमेरा तयार झाल्यावरच उचला, पाण्यालगत, आणि स्वतःचा श्वास रोखून धरा. तुम्हाला जड जाऊ लागलं की त्यालाही जात आहे. मग एका हाताने पोटाखाली आधार, दुसऱ्याने शेपटीचं मूळ, तोंड प्रवाहाकडे. मागे-पुढे घुसळू नका. तो स्वतः निसटेपर्यंत धरून राहा. पाणी २० अंशांवर गेलं असेल तर त्या दिवशी गळच टाकू नका. दहा-वीस ग्रॅमचा थर्मामीटर खिशात राहतो.

१२. गळ खोल घशात गेला. ओढून काढू?

नाही. दोरी तोंडाजवळ कापा आणि सोडा, ओढण्यापेक्षा जगण्याची शक्यता जास्त. कल्ल्यांतून रक्त वाहत असेल तर तो बहुधा वाचणार नाही. अशा वेळी, लांबी आणि संख्या नियमात बसत असेल, तर तोच मासा ठेवा आणि त्या दिवसाचं काम थांबवा. नियमात बसत नसेल तर सोडावाच लागतो, कितीही वाईट वाटलं तरी.

१३. ट्राउट परदेशी आणि आक्रमक आहे म्हणतात. मग सोडायची कशाला? मारलीच पाहिजे ना?

या यादीतला सगळ्यात अवघड प्रश्न. ब्राउन आणि रेनबो दोन्ही जगातल्या शंभर सर्वांत घातक आक्रमक प्रजातींच्या प्रसिद्ध यादीत आहेत, हे खरं. शिकारी मासा नव्या पाण्यात सोडला की तिथले छोटे मासे आणि बेडकांची पिल्लं फस्त होतात.

दुसरीकडे नियम वेगळं सांगतात. हिमाचल आणि काश्मीरमध्ये ट्राउट संरक्षित आहे: बंद हंगाम, मर्यादा, किमान लांबी. ते मोडून "मी पर्यावरणासाठी मारतोय" म्हणणं म्हणजे चोरी. शिवाय चार हौशी लोकांच्या गळांनी नदीतली ट्राउट संपत नसते.

अमेरिकेतलं उदाहरण बोलकं आहे. यलोस्टोन तळ्यात बाहेरून आलेली लेक ट्राउट लागली तर ती मारणं सक्तीचं आहे, आणि तिथली मूळची कटथ्रोट लागली तर सोडणं सक्तीचं. कारण तिथे वाचवायचा मूळ मासा कोणता हे ठरलेलं आहे आणि सरकार स्वतः जाळी लावून मोहीम चालवतं. आपल्याकडे तशी मोहीम नाही. तोवर माझी रेघ अशी: ट्राउट आहे तिथे नियमाने वागा, आणि जिथे नाही तिथे ती जाऊ देऊ नका. दुसरा भाग पहिल्यापेक्षा महत्त्वाचा.

१४. मिशा असलेला, खाली तोंड असलेला मासा लागला. कोणता?

तो असेला, हिमाचलात गुगली म्हणतात. इंग्रजी नावात (स्नो ट्राउट) ट्राउट असली तरी हा रोहू-कटल्याच्या कुळातला, आणि हिमालयाचा खरा रहिवासी. दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. ट्राउटच्या परवान्यावर आहात, तर त्याला लगेच, न मोजता, न फोटो काढता सोडा. प्रश्न १० आणि १३ मधला सगळा वाद याच्या बाबतीत उद्भवत नाही.

१५. फार्मवरून जिवंत ट्राउट घेऊन वरच्या तळ्यात सोडली तर? तेवढंच पुण्य.

कृपा करून नको. फार्मवरचा मासा रोग नेऊ शकतो, आणि ज्या तळ्यात मासाच नव्हता तिथलं सगळं गणित बिघडवतो. प्रश्न १३ मधल्या रेघेच्या पलीकडचं काम ते हेच. नकळतही होतं: एका खोऱ्यातून दुसऱ्यात जाताना बूट, जाळं धुवून पूर्ण वाळवा.

पुण्यच हवं असेल तर महाडजवळच्या वाळणकोंडीला जा. काळ नदीच्या त्या डोहात देवीचे म्हणून राखलेले महाशीर आहेत, कुणी गळ टाकत नाही. हिमाचलातही जोगिंदरनगरजवळ मछियालला असाच देवाचा डोह आहे. दोन्हीकडे मासे बाहेरून आणून सोडलेले नाहीत. होते ते राहू दिले आहेत.

१६. खायची तर आहेच. मग?

फार्मची रेनबो घ्या. कुल्लू, बंजारकडे जागोजागी मिळते, आकार ताटाएवढा. खवले इतके बारीक की खरवडावे लागत नाहीत. मधला काटा शिजल्यावर अख्खा निघतो. हळद, मीठ, तिखट, लिंबू, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर, आपल्या पद्धतीने. मावशीने फ्रीजमधली खाल्ली आणि "बरी आहे, पण समुद्र नाही" असा निकाल दिला.

फार्म अगदी निष्पाप आहे असं मात्र नाही. ट्राउट मांसाहारी, तिच्या खाद्यात समुद्री माशांचं कूट असतं. म्हणजे डोंगरातल्या ताटामागेही किनाऱ्यावरची तारली उभी असतेच.

१७. मी जर्मनीत राहते. इथेही पकडून सोडलं की झालं ना?

उलट. जर्मनीत परीक्षा देऊन मासेमारीचं ओळखपत्र काढावं लागतं, आणि सोडण्याच्याच इराद्याने पकडणं प्राणी-कायद्याच्या दृष्टीने अडचणीचं आहे. स्वित्झर्लंडमध्येही तेच. मावशीचं मत तिथे कायद्यात आलंय म्हणा ना. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा वेगळा परवाना. प्रश्न ११ मधली काळजी सगळीकडे उपयोगी, पण "नेहमी सोडा" हा नियम सगळीकडचा नाही.

१८. मुलांना नेलं तर चालेल? धोका किती?

न्या, पण पाण्यात उतरवू नका. गुडघाभर पाणी मोठ्या माणसाला पाडतं, आणि ते इतकं थंड असतं की हातपाय लगेच आखडतात. धरणाच्या खालच्या पट्ट्यात तर मुळीच नाही. ८ जून २०१४ ला बियासवर थलौटजवळ लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात फोटो काढत उभे असलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पानं वाहू लागली, आवाज बदलला, तर गळ तिथेच सोडून वर चढा. जाताना तुटलेली नायलॉनची दोरी मात्र रोज खिशात घालून आणा, पक्ष्यांच्या पायांना ती वर्षानुवर्षं अडकत राहते.

१९. फोटोतला तो गुशैणीच्या वरचा डोह नक्की कुठे आहे? लोकेशन पाठवाल का?

पाठवलं असतं की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. जुलै २०२३ च्या पुरानंतर गेलो तेव्हा तिथे गोट्यांचा ढीग होता आणि नदी पलीकडच्या काठाने वाहत होती. मी तासभर खाली-वर फिरलो. मग एक दगड उलटून पाहिला, त्याखाली कॅडिस होती.